हलकी, घडीची आणि एकटीला उचलेल अशी

आमच्या सासूबाईंची चाकाची खुर्ची उचलायला चार गडी लागतात. ती हलकी म्हणून घेतलेली आहे.

चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंडाला कुलूप पडतं, म्हणून हे लिहून मोकळी होते. वाचून कुणी हसलं तर हसू दे. माझं हसून झालं, रडून झालं, आता नुसती मान हलते.

मागच्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, पण पाय काही पहिल्यासारखा जमिनीला टेकेना. वॉकर धरून दोन पावलं टाकतात आणि तिसऱ्याला "शालन!" म्हणून हाक मारतात. शालन म्हणजे मी.

मग सगळे करतात तेच आम्ही केलं. प्लास्टिकची खुर्ची! घरात पुरुषमाणसं असली की दोघं दोन बाजूंनी धरून सासूबाईंना अंगणात न्यायची. ती रानात गेली की मी एकटी. मग मी खुर्ची मागून कलती करून ओढायची. फरशीवर असा आवाज व्हायचा की समोरचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत जाऊन झोपायचं. ओढून ओढून खुर्चीचे मागचे पाय झिजले, खुर्ची मागं कलली आणि सासूबाईंचं तोंड कायमचं छताकडं झालं.

"शालन, त्या कोपऱ्यात जळमाट हाय बग."

"काढते, आत्या."

"आन त्या फॅनवर केवढी धूळ! ह्या घरात कुणी वर बघतं का न्हाई?"

(नव्हतं बघत कुणी. आता बघायला लागलं आणि माझं काम दुप्पट झालं.)

सासूबाईंची थोरली बहीण आटपाडीला असते. आक्का. दोघींना एकमेकींशिवाय करमत नाही आणि दोघींना ऐकू येत नाही. फोन लावून दिला की ह्या इस्लामपूरकडून ओरडायच्या, "पाऊस हाय का तिकडं?" आक्का तिकडून ओरडायच्या, "शेळीला दोन करडं! दोन्ही पाटी, बोकड एकबी न्हाई!" असं अर्धा तास चालायचं. फोन ठेवला की सासूबाई मला विचारायच्या, "काय म्हणत व्हती गं?"

एक दिवस फोन ठेवून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "कानाचं काम संपलं आता. डोळ्यानं एकदा बघायची हाय मला ती. आटपाडीला न्या."

यावर मात्र घरात कुणी हसलं नाही. आक्कांनाही वर्षभर अंथरूण सुटलं नव्हतं. दोघींपैकी एकीनं जरी घाई केली तर भेट राहिलीच. हे कुणी बोलून दाखवलं नाही, एवढंच.

व्यायाम घ्यायला ज्या बाई येतात त्यांनी सांगितलं, "त्यांना चाकाची खुर्ची घ्या. हलकी, घडीची, एकटीला उचलेल अशी. गाडीत टाकायची, कुठंही न्यायची." त्या बोलत होत्या आणि मला वाटत होतं, देवच बोलतो आहे.

ठरलं. खुर्ची घ्यायची.

आता आमच्याकडं एकट्यानं जाऊन फक्त काडेपेटी आणतात. बाकी काहीही घ्यायचं असो, म्हैस, पंखा किंवा सून, जीपभर माणसं जातात. त्यामुळं आधी थोरल्या भाऊजींना कळवावं लागलं. भाऊजी म्हणजे आमच्या यांचे मोठे भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. आईची सेवा ते फोनवरून करतात आणि सल्ला द्यायला स्वतः येतात. ते आले. जीप सांगितली. जीपमध्ये जागा रिकामी कशाला न्यायची म्हणून भावकीतले दोन चुलते बसले. सासूबाई म्हणाल्या, "शालनला न्या. उचलायची तिला हाय." म्हणून मागं मला कोंबलं. अशी सगळी वरात सांगलीला निघाली. खुर्चीत जिला बसायचं होतं ती तेवढी घरी राहिली.

"आईला कशाला तरास? मी माप घेतलंय की," असं म्हणून आमच्या यांनी सुतळी दाखवली. तिला गाठी मारल्या होत्या. एक गाठ कमरेची, एक मांडीची, एक गुडघ्यापासून टाचेपर्यंत. मला अगदी भरून आलं. एवढं नीट काम आमच्या ह्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

आष्ट्याच्या पुढं जीपचं मागचं दार उघडं पडायला लागलं. एका चुलत्यांनी हाताला लागली ती सुतळी घेतली आणि दार करकचून बांधलं.

दुकानात दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "पेशंट कुठं आहेत?"

"घरी."

"मग माप?"

हे खिसे चाचपायला लागले. चुलते म्हणाले, "माप दाराला हाय."

"सोडून आणा की!"

"सोडलं तर दार पडतंय गड्या. मग जाताना काय हातात धरून न्यायचं?"

भाऊजींनी तोडगा काढला. "हिला बसवा. आई हिच्यापरीस चार बोटं रुंद धरा. बस, शालन."

झालं! भर रस्त्यावरच्या दुकानात, दारातच, डोक्यावर पदर घेऊन मी चाकाच्या खुर्चीत बसले. दुकानदार माझ्या कमरेपासून चार बोटं मोजायला लागला. मी मान खाली घातली ती वर केली नाही. तेवढ्यात कमरेचा पट्टा घ्यायला एक बाई आल्या. मला बघून त्या दारातच थबकल्या.

"अगं बाई! एवढ्या लहान वयात?"

काय सांगणार? खरं सांगायला सुरुवात कुठून करायची तेच सुचेना.

"कवापासनं गं?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मघापासनं," मी म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले. पदरानं पुसत म्हणाल्या, "धीर सोडू नगंस. देव हाय." एवढ्यात भाऊजी पलीकडून ओरडले, "शालन, ऊठ! चल इकडं!" मी उठले आणि चालत गेले.

त्या बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या एकदा माझ्याकडं बघत होत्या, एकदा भाऊजींकडं. मग सरळ भाऊजींपुढं जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. "महाराज, माझ्या मालकांचीबी कंबर धरलीया हो!"

"सकाळी उठून पळायला सांगा," महाराज म्हणाले आणि पुन्हा खुर्ची बघायला लागले.

खुर्ची बघणं म्हणजे काय, तर भाऊजींनी चाकाला लाथ मारायची, मागून धरून गदागदा हलवायची आणि मग आपण धपकन बसून घ्यायचं. भाऊजींचा देह मोठा. ॲल्युमिनियमच्या हलक्या खुर्चीत बसले तशी ती कण्हली.

"हे काय, खेळणं हाय!" भाऊजी उठले. "फौजेत असल्या मालाला आम्ही हात लावला नसता. ती लोखंडी दाखवा."

"साहेब, ती वजनाला जड आहे. ताईंना उचलायची असेल तर..."

"उचलायला आम्ही काय मेलोय?" दोन्ही चुलते एकदम म्हणाले. (तेव्हापासून आजपर्यंत त्यांपैकी एकही चुलता आमच्याकडं फिरकलेला नाही. दोघंही जिवंत आहेत.)

सगळे पुरुष लोखंडी खुर्चीभोवती जमले तेव्हा मी हळूच मागं सरकले. दुकानदारानं दाखवलं होतं तसं त्या हलक्या खुर्चीची गादी मधोमध धरून वर ओढली. खुर्ची मिटली! एका हातानं उचलली. पाण्याची घागरसुद्धा हिच्यापुढं जड. मी ती खाली ठेवली आणि कुणी बघत नाही ना बघून परत उचलली. खरंच सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात दागिने घालताना आलं नव्हतं.

पण सांगायचं कुणाला? मी यांच्या मागं जाऊन शर्ट ओढला. "आवं, ही बरी हाय."

"हं," हे म्हणाले आणि लोखंडी खुर्चीचं चाक फिरवत राहिले.

लोखंडी खुर्ची जवळजवळ ठरलीच होती, तोच घरून फोन आला. शेजारच्या काकूंनी लावून दिला होता. सासूबाईंना ऐकू येत नाही, त्यामुळं त्यांना वाटतं जगालाच येत नाही. सगळं दुकान हादरलं.

"शालनला इचारलं का? ती उचलंल तीच घ्या! तुमी जाशीला रानात, आन मी बशीन छताकडं बघत! ऐकाय आलं का?"

ऐकायला समोरच्या मेडिकलवाल्यालासुद्धा आलं. भाऊजींना आईचा शब्द मोडता येईना. हलकी खुर्ची जीपमध्ये चढली. मी ती घरापर्यंत मांडीवर घेऊन बसले. भाऊजी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकले. मला एवढं कळायला हवं होतं की भाऊजी गप्प असतात तेव्हा ते विचार करत असतात.

ती संध्याकाळ मात्र सोन्यासारखी गेली. खुर्ची दारातून गेली, न्हाणीपर्यंत गेली, अंगणात गेली. सासूबाईंना कितीतरी दिवसांनी सरळ समोरचं दिसलं. "आगं बया, समोरच्यांनी गाडी घेतली व्हय?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "घरात कुठलंबी चालतंय. रस्त्यावर टेस्ट घ्यायची." आणि त्यांनी सासूबाईंना बसवून खुर्ची गल्लीत काढली. आमच्या गल्लीत मधोमध गटार आहे, वर जाळी आहे. खुर्चीची पुढची चाकं लहान. त्यातलं एक जाळीत अडकलं. भाऊजी फौजी चालीनं ढकलत होते, ते थांबले नाहीत. खुर्ची थांबली. सासूबाई मात्र पुढं निघाल्या! समोर आमचे हे उभे होते म्हणून बरं. सासूबाई त्यांच्या गळ्यातच पडल्या.

"बगितलंस?" भाऊजींचा चेहरा असा उजळला की जणू त्यांनी शत्रू पकडला होता. "मी काय म्हणत व्हतो? कमजोर माल!"

मी धुणं वाळत घालून आले तोवर खुर्ची गायब. भाऊजीही गायब, हेही गायब. सासूबाई परत प्लास्टिकच्या खुर्चीत, तोंड छताकडं.

"कुठं न्हेली, आत्या?"

"मजबूत करायला," सासूबाई छताला म्हणाल्या.

दुपारी मी डबा घेऊन गेले. इस्लामपूरच्या रस्त्याला एक वर्कशॉप आहे, तिथं उसाच्या ट्रॉल्या बनतात. तिथल्या मिस्त्रींचा हात लय चांगला. त्यांनी बांधलेली ट्रॉली उलटते, पण मोडत नाही, असं सगळे म्हणतात. पण त्यांनी आयुष्यात ट्रॉलीशिवाय काही बांधलेलं नाही.

मी दारात पोचले तेव्हा मिस्त्री विचारत होते, "लोड किती टनाचा?"

"पन्नास किलो असंल आई," हे म्हणाले.

मिस्त्रींचं तोंड पडलं. थोडा विचार करून म्हणाले, "पाच क्विंटल धरू. कमी धरून चालत न्हाई. उद्या वाढलं तर?"

"व्हय व्हय, मार्जिन पायजेच," भाऊजी म्हणाले.

(सासूबाई भाकरीचा एक चतकोर खातात. पाच क्विंटल व्हायला त्यांना किती जन्म लागतील कोण जाणे!)

खाली जमिनीवर माझी खुर्ची उताणी पडली होती. तिच्या चारी बाजूंनी लोखंडी अँगल कसले होते. पुढची लहान चाकं काढून तिथं हातगाड्याची चाकं बसवली होती. पाय ठेवायला ट्रॅक्टरला असतो तसला जाड खवल्यांचा पत्रा. आणि मागं हूक.

"हूक कशाला?" मी यांना हळूच विचारलं.

"ट्रॅक्टरला लावता यील. लांब जायचं झालं तर."

माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई आल्या, ऊस कारखान्याला निघाल्यासारख्या ट्रॅक्टरमागं आटपाडीला निघालेल्या. मी सगळा धीर गोळा करून म्हणाले, "आवं, आन घडी?"

आमच्या यांना हळू बोलणं हा प्रकारच माहीत नाही. ते तिथून ओरडले, "मिस्त्री! ही इचारती, घडी व्हनार का?"

ग्राइंडर बंद झाला. हातोडा थांबला. सगळं वर्कशॉप वळून माझ्याकडं बघायला लागलं. मी पदर नाकापर्यंत ओढला. मिस्त्रींनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "वयनी, काळजीच सोडा. घडी झाली आन आत पेशंट गावला तर? म्हणून घडीच बंद करून टाकलीया. अँगलला समदीकडनं वेल्डिंग मारली. आता ती जन्मात मिटत न्हाई!"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी "बरं" म्हणाले आणि डबा ठेवून घरी आले. वाटेत एका उसाच्या बांधावर बसून थोडं रडले, मग उशीर होतो म्हणून उठले.

खुर्ची परत आली ती ट्रॉलीतून. लाल रंग, पिवळ्या पट्ट्या, मागं लाल दिव्यासारखे चमकणारे दोन रिफ्लेक्टर आणि पाठीवर ठळक अक्षरात "आईची कृपा". नवीन गाडी घरात आली म्हणजे पूजा आलीच. हळदीकुंकू झालं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ भाऊजींनी खुर्चीच्या पत्र्यावरच फोडला. नारळाचे चार तुकडे झाले, पत्र्यावर साधा ओरखडा नाही.

"बघा!" भाऊजी म्हणाले.

सासूबाईंनी बघितलं. "मला बसवनार हाईसा का ऊस भरनार हाईसा?"

तो प्रश्न आलाच नाही, कारण खुर्ची दारातून आत गेलीच नाही. अँगलमुळं एक वीत रुंद झाली होती. उभी करून, आडवी करून, तिरकी करून झाली. भाऊजी दार फोडायचं म्हणत होते, ते सासूबाईंनी मना केलं. मग खुर्ची अंगणातच राहिली. तिच्यात सासूबाईंना बसवायचं असलं की आधी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीतून ओढत तिथपर्यंत न्यायचं! म्हणजे पूर्वी मी सासूबाईंना एका खुर्चीतून अंगणात नेत होते, आता एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीपर्यंत नेत होते. प्रगतीच म्हणायची. आठवड्याभरात कोंबड्या तिच्यावर झोपायला लागल्या. त्यांना मजबुतीबद्दल काही तक्रार नव्हती.

आणि मग आटपाडीहून आक्कांच्या सुनेचा फोन आला. "आक्का दोन घास पण खाईनात. सारखं धाकटी, धाकटी करत्यात. एकदा आणून दाखवा."

सासूबाईंना ते ओरडून सांगावं लागलं नाही. माझं तोंड बघूनच त्या म्हणाल्या, "उद्याच्याला निगायचं."

जीपमध्ये खुर्ची मावेना, म्हणून पिकअप सांगितली. चार माणसं गोळा करून खुर्ची मागच्या हौद्यात चढवली. पुढं ड्रायव्हरशेजारी सासूबाई आणि त्यांना धरून मी. मागं खुर्ची, आणि तिला धरून भाऊजी आणि हे. पूजेचा हार अजून तसाच होता. विट्यात गाडी थांबली तर एक म्हातारे शेतकरी खुर्चीभोवती फिरून आले.

"पेरणीचं हाय का मळणीचं?" त्यांनी विचारलं.

"आईचं हाय," आमचे हे म्हणाले.

म्हातारबांना काही कळलं नाही, पण त्यांनी नमस्कार केला.

आटपाडीला पोचलो. आक्कांचं घर बोळाच्या टोकाला, बोळ उताराचा, तोंडाशीच पिकअप उभी केली. ड्रायव्हर धरून तिघं होते, खुर्ची उतरवायला चौथा माणूस पाहिजे. माणूस मिळेना! त्या दिवशी शेळ्या-मेंढ्यांचा बाजार. सगळे पुरुष बाजारात. भाऊजी म्हणाले, "तिघंबी बास हाय. एक, दोन..."

तीन म्हणायच्या आत खुर्ची त्यांच्या हातातून सुटली. दणकन चाकांवर पडली (काहीही झालं नाही, मिस्त्रींचं कौतुकच आहे!) आणि उतारानं निघाली. रिकामी, लाल, गळ्यात हार घातलेली, आपली आपण! एक शेळी ओरडत भिंतीवर चढली. भाऊजी "हॉल्ट! हॉल्ट!" करत मागं पळाले. पुढं बोळ अरुंद होत जातो. तिथं दोन्ही बाजूंच्या भिंतींत खुर्ची अशी गच्च रुतली की बाटलीला बूच बसावं.

आक्कांच्या घराचं दार तिथून दहा पावलांवर होतं.

तिघांनी ओढली. हलेना. ढकलली, तर आणखी आत रुतली. वरून ओलांडावं तर अँगल छातीएवढे. आता आतलं कुणी बाहेर येऊ शकत नव्हतं आणि बाहेरचं कुणी आत. भाऊजींनी मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, ती मोडायची कशी?"

फोन स्पीकरवर होता. मिस्त्रींचा आवाज अभिमानानं भरून आला. "मोडत न्हाई, हवालदार! मी केलेली हाय!"

तेवढ्यात आतून आक्कांचा आवाज आला. "आली का गं धाकटी?"

कसं कोण जाणे, पण तो सासूबाईंना ऐकू आला. पिकअपमधून त्या ओरडल्या, "आले गं आक्का!"

"आँ? कोण हाय?"

"मी हाय, मी!"

"कोण आलंय? कुणी सांगंल का मला?"

एवढ्या लांब आलो आणि परत फोनवरच्यासारखंच चाललं होतं! सासूबाईंनी माझा हात धरला. पुरुषमाणसं भिंत पाडायची की गॅस कटर आणायचा यावर भांडत होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, "चल शालन, परत. न्हाई माझ्या नशिबात."

मला काय झालं ते मला माहीत नाही. मी पिकअपच्या दाराशी पाठ करून खाली बसले.

"आत्या, गळ्यात हात घाला."

"आगं, येडी का खुळी तू? मोडशील."

"घाला."

त्यांनी हात घातले. मी उठले. पहिल्यांदा डोळ्यांपुढं काजवे चमकले, मग जरा बरं वाटलं. सासूबाई खरंच वाळून गेल्या होत्या. बोळ बंद, म्हणून मी शेजारच्या घरात शिरले. ओळख ना पाळख! एक बाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या स्वयंपाकघरातून सासूबाईंना पाठीवर घेऊन मी चालले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या, या! बसा की, चा टाकते," ती बाई म्हणाली.

"नगं, परत कवातरी," सासूबाई माझ्या पाठीवरून म्हणाल्या.

तिच्या मागच्या दारानं, गोठ्यातून, करडांच्या मधून, आक्कांच्या घरामागच्या परड्यात आणि तिथून त्यांच्या खाटेपर्यंत. सासूबाईंना खाटेवर ठेवलं आणि मी जमिनीवर कोसळले.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आक्कांनी हात पुढं करून बहिणीच्या गालावरून फिरवला.

"लय वाळलीस गं," आक्का म्हणाल्या.

"तू कुठं भरलीयास," सासूबाई म्हणाल्या.

एवढंच बोलल्या. दोघींना नीट ऐकू आलं. मग हातात हात घेऊन बसल्या. सुनेनं दूधभाकरी कुस्करून आणली, ती आक्कांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी बहिणीला भरवली. मी भिंतीला टेकून धापा टाकत होते, त्यामुळं माझ्या डोळ्यांतलं पाणी दमल्याचं होतं की कशाचं ते मला विचारू नका.

थोड्या वेळानं आक्कांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "गाडी आणलीया म्हनत व्हता न्हवं? कुठं हाय?"

"ती अडाकली भाईर," सासूबाई म्हणाल्या. "हिच्यावरनं आले."

आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. "बरी हाय की. दारातनं येती जाती." मग जरा थांबून, लाजल्यासारखं करून म्हणाल्या, "पोरी, मलाबी परड्यातनं एक फेरी मारून आन की. आभाळ बघून वरीस झालं बग."

नाही म्हणायला तोंड लागतं. मी गुडघ्यावर उठले आणि पाठ केली.

खुर्ची तिसऱ्या दिवशी निघाली. बोळाची भिंत थोडी पडली, खुर्चीचा रंगही गेला नाही. आता ती अंगणात उभी असते, कोंबड्या सुखी आहेत. आक्का अजून आहेत, जेवतात. महिना-दीड महिन्यानं आम्ही आटपाडीला जाऊन येतो. खुर्ची नेत नाही.

परवाची गोष्ट. सकाळी मी भाकरी करत होते. आमचे हे येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. जरा घुटमळले आणि म्हणाले, "जेवलीस का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे असं कधी विचारलं नव्हतं. माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. लाजेनं कान गरम झाले. मी खाली बघूनच म्हणाले, "जेवते की मागनं. तुमी बसा आधी."

"मागनं नगं, आधी जेव. पोटभर जेव," हे मायेनं म्हणाले. "सांगलीला मामाच्या पोराकडं जायचंय आईला. दोन जिने हायत."